साइड बी, तिसरं

पोह्यांवर तर्री पडली, की वाद सुरू.
उरकुडे म्हणतो, त्या अल्बममध्ये गाणी दोनच,
बाकी सगळा भरणा.
गजभियेचा चमचा तिथंच थांबतो.
"का बे, साइड बी कधी नीट ऐकली का तू?
का नुसती साइड ए घासून राहिला जिंदगीभर?"

आम्ही चौघं. आता तिघं.
वय कोणी सांगत नाही, गुडघे सांगतात.
शंकरनगरच्या कोपऱ्यावरचा ठेला,
रविवार, सकाळचे सात,
कारण मे महिन्यात आठनंतर
कुठल्याही वादात ऊनच जिंकतं.

उरकुडेला पहिलं गाणं पुरतं.
ते सगळ्यांनाच पुरतं. ते लग्नात वाजतं, जिममध्ये वाजतं,
परवा टूथपेस्टच्या जाहिरातीत वाजलं.
मला विचाराल तर साइड ए, चौथं :
गिटार मागं सरकते, आणि बास,
पाहुणे गेल्यावर सतरंज्या गोळा करणाऱ्या माणसासारखा,
एकटाच हॉलभर फिरतो.
पण मला कोणी विचारत नाही.

गजभिये तिसऱ्यावर अडलेला.
साइड बी, तिसरं. चार मिनिटं अकरा सेकंद.
त्यावर कोणी एक ओळ लिहिली नाही,
बँडनं ते स्टेजवर एकदाही वाजवलं नाही.
"म्हणूनच ते आपलं आहे," म्हणतो,
आणि वीज मंडळातून रिटायर झालेलं बोट
हक्कानं टेबलावर आपटतो.

रेकॉर्ड होती ॲल्विनकडे, मोहननगरात.
मामानं जहाजावरून आणलेली.
कव्हरची मागची बाजू वाळवीनं खाल्लेली,
त्यामुळं आमच्या गाण्यांना नावं नव्हती, नंबर होते.
एका एप्रिलच्या दुपारी
ॲल्विननं स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर मांडला,
म्हणाला, चाळीस मिनिटं कोणी हलायचं नाही.
खोलीत कूलर.
बंद केला असता तर मेलो असतो.
बंद केला नाही.

त्या कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी,
आणि प्रत्येकीत तिसऱ्या गाण्याखाली
एक लांब, ओलसर घरघर.
आधीची गाणी आरडाओरडा करतात, त्यांच्याखाली ती बुडते;
तिसरं हळू आहे, तिथं वर येते.
गजभिये चाळीस वर्षं सांगतोय : ऑर्गन आहे तो.
"असा ऑर्गन कोणी वाजवला नाही, बाप्पा.
एक सूर धरला, तो सोडूनच नाही राहिला."
उरकुडे म्हणायचा, चूप बस न बे, पोहे खा.

मागच्या महिन्यात पुतणीनं
त्या अल्बमची धुऊनपुसून काढलेली आवृत्ती
माझ्या कानात लावून दिली.
साइड बी, तिसरं.
गिटार चिंचेनं घासलेल्या पितळेसारखी,
गाणाऱ्याचा श्वाससुद्धा सुटा सुटा.
आणि खाली काही नाही.
मी परत लावलं.
दोन मिनिटं चाळीसला
आमच्या कॅसेटमध्ये एक खळ्ळ आवाज येतो,
गजभिये दरवेळी तर्जनी वर करतो, "आता ऐक",
तिथंही काही नाही.

बादली होती ती.
कोणी हलायचं नाही म्हणणारा ॲल्विन,
चवड्यांवर, श्वास धरून,
कूलरमध्ये पाणी ओतत होता.

आज पुन्हा गजभिये ऑर्गनवर आलाय.
उरकुडे माझ्याकडे बघतो. त्याला मी सांगितलंय.
उभ्या जन्मात एक वाद न सोडलेला उरकुडे
पोह्यांतला चना इकडचा तिकडं करतो,
मग म्हणतो,
"ऑर्गन बरा आहे बे त्यातला.
थोडा मोठा आहे, एवढंच."

"मोठाच पाहिजे न!" गजभिये उसळतो.
"गरमीतलं गाणं आहे ते."

कोणी काही बोलत नाही.
ठेलेवाला विचारतो, तर्री?
तीन प्लेटा पुढं होतात.
मी म्हणतो, पण साइड ए, चौथं घ्या,
त्यातला बास